मागच्या विंगेची भिंत

एकावन्नाव्या वर्षी मी पर्यावरण भूगोलात एम.ए. करायला घेतलं. ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली होती आणि सकाळी अकरानंतर घरात मला करण्यासारखं काही उरत नव्हतं. नवरा म्हणाला, "योगाचा क्लास लाव." मी विद्यापीठाचा फॉर्म भरला. त्यामागे अपुरं राहिलेलं स्वप्न वगैरे काही नव्हतं. बी.ए.ला भूगोल होता आणि तेवढा एक विषय मला पाठ न करता कळायचा.

वर्गात सगळी बावीस-तेवीसची मुलं. मला काकी म्हणायची. नकाशे घडी करायला माझ्याकडे द्यायची, कारण मोठ्या नकाशाची घडी त्यांच्यात कोणालाच धड जमत नव्हती. आमच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्या मला अहो-जाहो करायच्या, पण निबंध परत करताना इतरांना जेवढ्या लाल रेघा मारायच्या तेवढ्याच मलाही. मला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. कोणी खारफुटी घेतली, कोणी मिठागरं, एकाने उद्यानातले बिबटे. मी आमची चाळ घेतली. मॅडमनी विचारलं, "चाळच का?" मी म्हटलं, "जाण्यायेण्यात वेळ जात नाही."

लालबागमधली आमची चाळ दोन विंगांची, तीन मजली. पुढची विंग रस्त्याला लागून. तिच्यात मी लग्न होऊन आले. मागची विंग पूर्वीच्या गिरणीच्या भिंतीला लागून. दोन्हींच्या मध्ये चौक आणि चौकात लोखंडी जाळीने बंद केलेली विहीर. गिरणी कधीच गेली. तिच्या जागी टॉवर यायचा होता आणि त्याच्या पार्किंगसाठी मागे मोठा खड्डा खणला जात होता. मागच्या विंगेच्या गॅलरीतून वाकून बघितलं की पत्र्याच्या कुंपणापलीकडे तो दिसायचा. खाली माणसं करंगळीएवढी आणि तळाशी चार पंप. खड्ड्यात झिरपणारं पाणी ते पंप दिवसरात्र उपसायचे आणि आमच्या गल्लीच्या गटारात सोडायचे. एप्रिल-मेमध्ये आमच्या नळाला पाणी जेमतेम पाऊण तास यायचं आणि गटार मात्र चोवीस तास भरून वाहायचं. पाणी स्वच्छ होतं. काही बायका त्यात फडकी धुवायच्या.

मॅडमनी मला आमच्या भागाचा जुना नकाशा काढून दिला. म्हणाल्या, "ही सगळी भरावाची जमीन. भरावाखाली समुद्राची काळी माती. तिच्यातलं पाणी काढून घेतलं की ती आवळते. आवळताना वर काय उभं आहे ते बघत नाही."

मग मी रोज सकाळी सातला विहिरीच्या जाळीतून वजन बांधलेली दोरी सोडायला लागले. ओली किती, कोरडी किती, मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या महिन्यात पाणी हातभर उतरलं. मेअखेर वजन चिखलात रुतायला लागलं. चाळीतल्या लोकांना यात विशेष वाटलं नाही. विहिरीचं पाणी कोणी वापरतच नव्हतं.

दुसरं काम भेगांचं. मागच्या विंगेत जिन्यालगतच्या भिंतीला तिन्ही मजल्यांवर भेगा होत्या. जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या भेगेत तर लोक संध्याकाळी उदबत्ती खोचायचे. मॅडम म्हणाल्या, भेगेवर आडवी काचेची पट्टी लावा, दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट करा. भिंत सरकली की काच तडकते. साधी पद्धत आहे, पण खोटं बोलत नाही.

काच कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. मागच्या विंगेच्या तळमजल्यावर फ्रेमवाले काका राहायचे आणि रस्त्यावर त्यांचं फोटो मढवायचं छोटं दुकान होतं. सत्तरी ओलांडलेले, मूळचे कणकवलीकडचे. देवांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्याकडे ही दोनच कामं. मी माप सांगितलं तसं त्यांनी हिऱ्याच्या कलमाने पटापट नऊ पट्ट्या कापल्या आणि कागदात गुंडाळून हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत.

"शिक्षणाचा काम आसा," म्हणाले. "नंतर माका दाखव काय लिवलंस ता."

दर मजल्यावर तीन, अशा मी त्या लावल्या. प्लास्टर माझ्याच अंगठ्याने थापलं, ओबडधोबड. पेन्सिलने नंबर घातले. मग मुलांच्या बॉलची भीती वाटली म्हणून चाळीच्या ग्रुपवर लिहिलं: मागच्या विंगेतल्या काचेच्या पट्ट्या माझ्या परीक्षेच्या आहेत. कोणी हात लावू नये. तुटल्या तर माझं वर्ष वाया जाईल.

ते वाक्य मी नीट विचार करून लिहिलं होतं. भूजल, माती, आवळणं हे सगळं लिहून लोक वाचणार नाहीत, परीक्षा म्हटलं की सगळे सांभाळतील, हा माझा हिशोब. तो बरोबर निघाला.

दर सोमवारी मी नऊ पट्ट्या बघायची, फोनवर फोटो काढायची आणि वहीत लिहायची: शाबूत. दहा सोमवार शाबूत.

जुलैत मागच्या विंगेच्या पहिल्या मजल्यावर छताचा गिलावा पडला. कोणाला लागलं नाही, पण पाळण्याच्या हातभर अंतरावर पडला. दुसऱ्या दिवशी चौकात मीटिंग. मागची विंग रिकामी करायची की नाही, एवढाच विषय. मागच्या विंगेत चोवीस बिऱ्हाडं आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी नातेवाईक कधीतरी 'तात्पुरता' म्हणून संक्रमण शिबिरात गेलेला आणि तिथेच म्हातारा झालेला. खोलीतून उठलो की गेलो, हे लालबागमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

सेक्रेटरी चाळिशीचा, बँकेत नोकरीला, नीट बोलणारा. त्याने मला पुढे बोलावलं. "वहिनी, तुम्ही हेच शिकताय. तुम्ही सांगा. भिंत हलतेय का?"

मी वही उघडली. "दहा आठवडे झाले. नऊ पट्ट्या, एकही तडकलेली नाही. भिंत हललेली नाही."

"म्हणजे राहायला हरकत नाही?"

"भिंतीपुरतं बोलायचं तर नाही."

त्याने ते मिनिट्समध्ये लिहिलं. 'भिंतीपुरतं' हा शब्द लिहिला नाही, आणि मीही तो लिहा म्हणाले नाही. लोकांचे खांदे खाली आले. मागच्या विंगेतली एक बाई, माझ्याच वयाची, आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, मला म्हणाली, "बरं झालं बाई शिकलीस." चहा आला. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ऑफिसात इतकी वर्षं कागद पुढे सरकवले, पण माझ्या एका वाक्यावर चोवीस घरांनी सुस्कारा टाकल्याचं मला आठवत नव्हतं.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या खुश झाल्या नाहीत. माझ्या तक्त्यावर पेन टेकवून म्हणाल्या, "विहीर तळाला गेली. आणि भिंत एवढीसुद्धा हलत नाही?"

"जुनं बांधकाम आहे, मॅडम. चुन्यातलं. हल्लीसारखं नाही."

"असेल," त्या म्हणाल्या. "फोटो तारखेप्रमाणे लावून आणा."

ऑगस्टमध्ये, गणपतीला पंधरा-सोळा दिवस असताना, मी फोटो लावायला बसले. एकेका पट्टीचे सगळे फोटो ओळीने. चार नंबरची पट्टी दुसऱ्या मजल्यावरची, उदबत्तीच्या भेगेवरची. पहिल्या फोटोत टोकाला माझं प्लास्टर, पांढरं, फुगलेलं, अंगठ्याची खूण दिसणारं. सहाव्या फोटोत तेच टोक सरळ. कडेने पातीने कापल्यासारखं, कोपऱ्यात उतार दिलेलं, रंग पिवळसर. ते प्लास्टर नव्हतं. ती लांबी होती. खिडकीची तावदानं, फोटोच्या काचा बसवायला वापरतात ती.

मी मागचे-पुढचे फोटो पुन्हा पाहिले. पेन्सिलचा नंबर जाऊन बॉलपेनचा आला होता. सहा नंबरचंही तसंच. सातचंही. नऊपैकी चार पट्ट्या मी लावलेल्या नव्हत्या. दर सोमवारी मी त्यांच्यासमोर उभी राहून फोटो काढत होते. काच अखंड आहे ना, एवढंच पाहत होते. कडा पाहत नव्हते.

कोणाचा हात हे शोधायची गरज नव्हती. लालबागमध्ये इतकी स्वच्छ लांबी भरणारा मला एकच माणूस माहीत होता.

काका दुकानात होते. समोर कोणाच्या तरी वडिलांचा फोटो उलटा ठेवून मागे खिळे मारत होते. मी फोनवरचा फोटो समोर धरला.

"काका, ही तुम्ही बदललीत?"

त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखे हसले. "कळला तुका? माका वाटला मी बरोबर तशीच बसवलंय."

"का बदललीत?"

"फुटलली ना. पोरांच्या बॉलान फुटली असतली. तू लिवलंलस मा, तुटली तर वरस फुकट जाताला. मगे? सोमवारच्या आदी बदललंय."

"किती वेळा?"

"दोन-तीन." हातोडी खाली ठेवून ते बोटं मोजायला लागले. "नाय. सात झाली."

"सात?"

"ती वरची, दुसऱ्या माळ्यावरची, तीच चार वेळा. तिका काय झाला देव जाणे."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. त्यांना तारखा विचारल्या. तारखा नव्हत्या. पण काकांना कुठलं काम कधी आलं ते पक्कं आठवत होतं आणि कामांची पावती-पुस्तकं त्यांच्याकडे होती. पहिली काच बदलली तेव्हा दत्ताची मोठी तसबीर आली होती. दुसऱ्या वेळी एका कंडक्टरचा फोटो, घाईचा, बाराव्यासाठी. आम्ही दोघांनी पावत्या काढल्या आणि मी वहीत सात तारखा लिहिल्या. मग चार नंबरच्या तारखा वेगळ्या काढल्या. पहिली काच पाच आठवडे टिकली होती. दुसरी तीन आठवडे. तिसरी बारा दिवस. चौथी सहा.

काका माझ्या वहीकडे बघत होते. "काय झाला गो बाय?"

"काका, बॉल नव्हता. भिंत सरकली की काच तडकते. म्हणूनच लावली होती."

त्यांनी हातोडी बाजूला सरकवली. त्यांच्या मागे भिंतीवर तयार फोटोंच्या रांगा होत्या, न्यायला न आलेल्या. मग म्हणाले, "ह्या आदी कित्याक नाय सांगितलंस?"

मी सगळ्या चाळीला सांगितलं होतं की पट्टी तुटली तर माझं नुकसान आहे. त्यांचं नुकसान आहे हे सांगायचं मी टाळलं होतं, कारण ते समजावायला वेळ लागला असता.

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरीकडे गेले. तो मंडपवाल्याशी फोनवर बोलत होता. आमचा गणपती मागच्या विंगेच्या तळमजल्यावर, गॅलरीच्या कमानीत बसतो. पहिल्या दिवशीच्या आरतीला दोन्ही विंगा आणि बाहेरची येणारी-जाणारी माणसं मागच्या विंगेच्या तिन्ही गॅलऱ्यांत उभी राहतात. खाली जागा पुरत नाही. मंडपाचे वासे त्याच गॅलरीच्या खांबांना बांधतात. हे मी त्याला सांगायची गरज नव्हती. माझ्या सात तारखा ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, मिनिट्समध्ये तुमचं वाक्य आहे."

"ते वाक्य चूक होतं. नवीन लिहा."

"लोक मला फाडतील."

"तुम्हाला नाही. मला. मीटिंग बोलवा."

मीटिंगमध्ये मी पाच मिनिटं बोलले. काय मोजलं, काय चुकलं, का चुकलं. मागची विंग आता रिकामी करा, एवढं म्हणून थांबले. काका माझ्या शेजारी उभे राहिले. हातात तडकलेल्या काचांचे तुकडे असलेली पुठ्ठ्याची पेटी. टाकून दिले नव्हते. लहान फ्रेमना उपयोगी पडतील म्हणून ठेवले होते.

एकदम सगळे बोलायला लागले. "गेल्या महिन्यात राहा, ह्या महिन्यात उठा. सरकारी खातं आहे की काय?" "बिल्डरने बोलावलं असेल चहाला." "काका, लावल्यात तुम्ही, फोडल्या पण तुम्हीच नसतील कशावरून?" काका त्या माणसाकडे बघत राहिले. त्याच्या वडिलांचा फोटो त्यांनीच मढवला होता.

ती माझ्या वयाची बाई उठली. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुला बरं आहे. तू पुढच्या विंगेत. आमच्या खोल्या गेल्या तरी तुझी परीक्षा होणारच."

ते खरं होतं.

शेवटी सेक्रेटरीनेच तोडगा काढला. नव्या पट्ट्या लावायच्या, सगळ्यांसमोर, चार नंबरच्या जागी तीन. आणि गणपतीला मूर्तीजवळ बसायला पाळ्या लावतात तशा पाळ्या लावायच्या. सकाळपासून दिवे लागेपर्यंत दोघंदोघं, मागच्याच विंगेतले. मग बघू वहिनीची भिंत काय म्हणते. काही जण हसले. मंडपवाल्याला थांबायला सांगितलं.

काकांनी काचा कापल्या. प्लास्टर मी थापलं, अंगठ्याने.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. गॅलरीत खुर्च्या टाकून बसलेली माणसं मी चौकातून जाताना वरून विचारायची, "वहिनी, भिंत झोपलीय बहुतेक. उठवू का?" रात्री माझ्या मनात एकदा आलं की न तडकली तर किती बरं. एकदा असंही आलं की तडकली तर मी खरी ठरेन. दुसरा विचार मला आवडला नाही, पण तो आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या वयाच्या बाईचीच पाळी होती. तिची आणि तिच्या जावेची. दोघी सुपात घेवडा निवडत बसल्या होत्या. मुलं शाळेत, पुरुष कामावर, माळ्यावर दुसरं कोणी नाही. मी स्वयंपाकघरात होते. तिने समोरच्या गॅलरीतून हाक मारली, नेहमी मारते तेवढ्याच आवाजात. "ये गं जरा."

मी गेले. मधल्या पट्टीला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत केसासारखी रेघ गेली होती. तिने काचेखाली हात धरला होता, खाली पडेल म्हणून.

"टक झालं," ती म्हणाली. "नख काढल्यावर होतं तेवढंच. मी हिला म्हटलं, ऐकलंस? ही म्हणाली, उंदीर असेल."

जाऊ वाकून काच बघत होती. पलीकडे पंप चालू होते. आम्ही तिघी तिथे उभ्या असताना खालच्या पट्टीतून तसाच आवाज आला. या वेळी मीही ऐकला. ती काचेखालचा हात काढून घरात गेली आणि फळीवरचे डबे खाली काढायला लागली. शेंगांचं सूप तसंच गॅलरीत राहिलं. जावेने ते उचललं.

त्या दिवसानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. आठवड्यात चोवीस बिऱ्हाडं हलली. कोणी भावाकडे, कोणी भाड्याने, सहा घरं शिबिरात. काही जणांनी जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. काका मुलीकडे बदलापूरला गेले. दुकान तेवढं ठेवलं, पण रोजचा प्रवास या वयात जमेना, आणि दिवाळीनंतर त्यांनी शटर उघडणं बंद केलं. गणपती त्या वर्षी रस्त्यावर, फुटपाथलगत छोट्या मंडपात बसला. आरतीला माणसं कमी होती.

प्रबंधात मी हे सगळं लिहिलं, सात पावत्यांसकट. एका प्राध्यापकांचं म्हणणं होतं की हा भाग गाळावा, त्याने अभ्यासाची विश्वासार्हता जाते. मॅडम म्हणाल्या, तुम्ही ठरवा. मी ठेवला. पास झाले.

मागची विंग अजून उभी आहे. दरवाजांना सील, गॅलरीत पारव्यांची घरटी. टॉवरचं काम मध्ये बंद पडलं होतं, आता पुन्हा सुरू झालंय आणि पंपही. उदबत्तीच्या भेगेत आता माझी करंगळी जाते. काकांचा रविवारी फोन येतो. "पडली काय गो?" मी नाही म्हणते. "बरा," म्हणतात. एकदा म्हणाले, "कधी कधी वाटता, पडान जांवदे एकदा. मगे लोक तुका नि माका शिव्या घालूचे नाय." मग म्हणाले, "माझा कपाट आसा थंय. आवशीचा."

मी त्यांना आईचं कपाट काढून आणायचा प्रयत्न करीन असं म्हणाले नाही. खोल्यांत जायला बंदी आहे आणि ती बरोबर आहे.

सोमवारी मी मॅडमनी मिळवून दिलेली परवानगी घेऊन जिन्याने फक्त त्या भेगेपर्यंत जाते, भेग मोजते आणि त्या चोवीस घरांच्या ग्रुपवर एक ओळ टाकते: भेग इतके मिलिमीटर, विंग उभी आहे. आता वाक्य छाटत नाही. पंप चालू की बंद, विहिरीत पाणी किती, मी कुठून मोजलं, काय मोजता आलं नाही, तेही लिहिते. निळ्या खुणा उमटतात, दुपारपर्यंत सगळ्यांच्या. उत्तर कोणी देत नाही.